दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम: आयर्न मेडन, मुंबई, २००८

परदेशी रॉक बँडवर जीव असणाऱ्या माझ्या पिढीच्या श्रोत्याला सगळे उशिरा मिळण्याची सवय होती. अल्बम निघून दहा-बारा वर्षे उलटलेली असत, त्यावरचा गायक बँड सोडून गेलेला असे, तेव्हा कुठे तो अल्बम वसतिगृहातल्या एखाद्याच्या मुंबईच्या चुलतभावाकडून आमच्यापर्यंत पोहोचे. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा १९८४ मधला ‘पॉवरस्लेव्ह’ माझ्याकडे असाच आला: ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर कोणीतरी उतरवून घेतलेला आणि निळ्या बॉलपेनने नाव घातलेला. अल्बम सुमारे ५१ मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे शेवटचे, १३ मिनिटांहून मोठे गाणे निम्म्यात तुटलेले होते. कोलरिज या इंग्रज कवीच्या, एका खलाशावरच्या दीर्घकवितेवर बेतलेल्या ‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ या गाण्याच्या मध्यावर वाद्ये जवळजवळ थांबतात, जहाजाच्या लाकडांची करकर ऐकू येत राहते, आणि त्या सामसुमीतून गाणे पुन्हा उसळी घेण्याच्या बेतात असताना आमची फीत संपे. दुसऱ्या बाजूवर उतरवणाऱ्याने भलताच अल्बम घातला होता. त्या खलाशाचे पुढे काय झाले हे मला गाण्यातून कळण्याच्या आधी ग्रंथालयातल्या कवितासंग्रहातून कळले.

हे संगीत प्रत्यक्ष ऐकण्याची सोय त्याहूनही कमी होती. मुंबईला रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव होत असे, आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’त महाविद्यालयीन बँडांची स्पर्धा असे, आणि तिथे आपलीच मुले मेडनची गाणी वाजवीत. काही जण उत्तम वाजवीत, तरी ती शेवटी दुसऱ्याची गाणी होती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले कार्यक्रमही बंद पडले. मोठे परदेशी बँड येत नसत असे नाही. १९९४ मध्ये जेथ्रो टल रंगभवनात वाजवून गेले होते आणि २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्नवर आले होते. पण स्टोन्स आले ते बँड स्थापन होऊन चाळीस वर्षे झाल्यावर. हेवी मेटलच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते. मार्च २००७ मध्ये आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले, तेव्हा पुण्याहून गाड्या भरभरून मुले गेली. मला नोकरीतून सुटी मिळाली नाही. गेलेल्यांनी परत आल्यावर दोन-तीन आठवडे आमच्यासारख्यांना फार छळले, एवढेच त्याबद्दल सांगतो.

त्यामुळे पुढच्याच वर्षीच्या दौऱ्याची घोषणा वाचताना पहिल्यांदा विश्वास बसला नाही. या दौऱ्याची कल्पनाच वेगळी होती. भारत, ऑस्ट्रेलिया, जपान आणि लॅटिन अमेरिका एका दमात करायचे तर सामान जहाजाने पाठवून भागत नाही, कारण ते पोहोचायलाच काही आठवडे लागतात; आणि दर मुक्कामाला मालवाहू विमान करायचे तर खर्च परवडत नाही. बहुतेक मोठे बँड आमच्याकडे न येण्याचे एक मोठे कारण हेच होते, आम्हाला मात्र उगीच वाटे की आपण त्यांच्या खिजगणतीतच नाही. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन हा प्रवासी विमानांचा परवानाधारक वैमानिकही होता. त्यांनी एक बोइंग ७५७ भाड्याने घेतले, मागच्या भागातली आसने काढून तिथे सामानाची जागा केली, आणि बँड, सगळा ताफा व सुमारे १२ टन सामान एकाच विमानातून न्यायचे ठरवले. शेपटीवर एडी या बँडचे बोधचिन्ह असलेल्या भुताचे चित्र रंगवलेल्या या विमानाला ‘एड फोर्स वन’ असे नाव पडले आणि वैमानिकाच्या जागेवर स्वतः डिकिन्सन बसणार होता. लंडनहून निघाल्यावर दौऱ्याचा पहिला मुक्काम मुंबईला असणार होता. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, वांद्रे-कुर्ला संकुलातले एमएमआरडीएचे मैदान. त्यानंतर पर्थ, सिडनी, टोकियो, लॉस एंजेलिस आणि पुढे सगळी लॅटिन अमेरिका.

दौऱ्याचा पहिला कार्यक्रम आपल्याकडे, याचा अर्थ बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. मेडन एका दौऱ्यात गाण्यांचा क्रम फारसा बदलत नाहीत. पहिला कार्यक्रम झाला की त्या रात्रीच गाण्यांची यादी इंटरनेटवर येते आणि उरलेल्या जगातले रसिक ती पाठ करून मैदानात जातात. यावेळी यादी अस्तित्वातच नव्हती. बँडने एवढेच सांगितले होते की भर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर राहील आणि मंच ‘पॉवरस्लेव्ह’च्या काळातल्यासारखा, इजिप्तच्या धाटणीचा असेल. आमच्या कट्ट्यावर महिनाभर यावरच वाद झडले. तुटलेल्या कॅसेटवरचे ते गाणे वाजवतील की नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. माझ्या एका मित्राचे म्हणणे होते की दौऱ्याची सुरुवात करताना कोणीही शहाणा माणूस १३ मिनिटांचे गाणे यादीत घालणार नाही, विशेषतः जिथे उघड्यावर दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात तिथे. त्याचा युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता, आणि म्हणूनच मी त्याच्याशी कडाडून भांडत होतो.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही पुण्याहून निघालो. डब्यात काळे शर्ट घातलेली मुले इतकी होती की रोजचे पासधारक चिडले आणि लोणावळ्यापर्यंत त्यांनी आम्हाला बसू दिले नाही. दादरला उतरून कल्याणच्या बाजूची लोकल, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा, आणि संकुलाच्या त्या रुंद, सरळ, काचेच्या इमारतींच्या रस्त्यावर आम्ही भर दुपारी पोहोचलो. बँका आणि कार्यालयांतून जेवणाच्या सुटीत बाहेर आलेली इस्त्रीच्या शर्टातली माणसे रांगेकडे थबकून पाहत होती. आजवर पुण्यात मी ज्यांना या संगीताचे वेड आहे म्हणून ओळखत असे, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. इथे रांग वळण घेऊन दिसेनाशी झाली होती. मणिपूर आणि नागालँडहून रेल्वेने कित्येक रात्री काढून आलेली मुले पाठपिशव्यांवर डोके टेकून पदपथावर झोपली होती. नागपूर, बडोदा, हैदराबाद, कोचीन, कुठूनही माणसे आलेली होती. आमच्या पुढे एक पन्नाशीचे गृहस्थ आपल्या शाळकरी मुलीला घेऊन उभे होते आणि तिला प्रत्येक अल्बमचे साल विचारीत होते. ती न चुकता सांगत होती.

दारावर झडती कडक होती. पट्टे, लायटर, पाण्याच्या बाटल्या आणि खिशातली चिल्लर काढून घेत होते. एका हवालदारांनी माझ्या शर्टावरचा एडी नीट न्याहाळला आणि विचारले, “हे कोण रे? देव तुमचा?” मी म्हणालो, “नाही साहेब, भूत आहे.” त्यावर ते म्हणाले, “मग ठीक आहे, जा पुढे.” यातला तर्क मला आजही समजलेला नाही.

आत गेल्यावरचे वाट पाहणे हा या अनुभवाचा सर्वांत लांबलचक आणि सर्वांत कमी सांगण्यासारखा भाग आहे. मैदानावर धूळ होती, मिठी नदीकडून वारा आला की तिचा ओळखीचा वास येई, पाणी आत विकत मिळत होते पण त्यासाठी जागा सोडली तर ती परत मिळण्याची आशा नव्हती. आम्ही मंचासमोरच्या कठड्यापासून वीस-पंचवीस माणसांच्या अंतरावर होतो आणि ती जागा टिकवण्यासाठी आळीपाळीने कोपरे वापरीत होतो. आधीच्या कलाकारांनी वाजवले, लोकांनी सौजन्याने टाळ्या वाजवल्या. सूर्य मावळला. संकुलावरून सांताक्रूझकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागून एक दिसू लागले, आणि प्रत्येक विमान दिसले की कोणीतरी “ब्रूस!” असे ओरडे आणि सगळे हसत.

मग ध्वनिक्षेपकांवर यूएफओ या जुन्या इंग्लिश बँडचे ‘डॉक्टर डॉक्टर’ सुरू झाले. ज्याला माहीत नाही त्याला हे मधल्या वेळात लावलेले आणखी एक गाणे वाटेल. मेडनच्या श्रोत्यांना मात्र ठाऊक असते की हे गाणे लागले म्हणजे पुढचे माणूस मंचावर येईल ते मेडनचेच. बसलेले सगळे उभे राहिले, मागून एक मोठा रेटा आला आणि आम्ही वीस-पंचवीस माणसांच्या अंतरावरून दहा-बारा माणसांच्या अंतरावर आपोआप पोहोचलो. दिवे गेले. चर्चिलचे १९४० मधले भाषण ऐकू येऊ लागले, आणि ते जसजसे पुढे सरकले तसतसा माझ्या आजूबाजूचा प्रत्येक माणूस ते शब्दन् शब्द म्हणू लागला. सुरुवातीचे गाणे ‘एसेस हाय’ असणार हे त्या क्षणी सगळ्यांना कळले, आणि दौऱ्याच्या यादीतले पहिले नाव जगात सर्वांत आधी आम्हाला समजले.

आवाजाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर तो कॅसेटइतकाही स्वच्छ नव्हता. मोकळ्या मैदानात वाऱ्याबरोबर गिटारीचे वरचे स्वर कधी येत, कधी वाहून जात. पहिली दोन-तीन गाणी गायकाचा आवाज वाद्यांखाली दबलेला होता. आणि भोवतालची हजारो माणसे तीच ओळ आपापल्या पट्टीत ओरडत असल्यामुळे मूळ पट्टी कोणती याचा अंदाज बांधावा लागत होता. ज्यांना संगीत नीट ऐकायचे आहे त्यांनी घरी बसावे, हे मत मी अजूनही बदललेले नाही. पण बेस ड्रमचा प्रत्येक ठोका कानांच्या आधी बरगड्यांना लागतो, हे घरी बसून कळत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात मांडवात मागे बसूनही तानपुऱ्याचा सूर आपल्याला धरून ठेवतो. इथे धरून ठेवणारे काही नव्हते, सगळे ढकलणारे होते.

आणि दिसत होते ते फार मोलाचे होते. इतकी वर्षे मला मेडनचा आवाज हा एकसंध वाटत आला होता. स्टीव्ह हॅरिसने १९७५ मध्ये लंडनच्या पूर्व भागात हा बँड काढला, गाणी बहुतेक त्याचीच, हे वाचून माहीत होते. पण घोड्याच्या टापांसारखी जी त्याची प्रसिद्ध बेसची लय आहे ती तो प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) न वापरता नुसत्या बोटांनी काढतो, हे वाचणे निराळे आणि मंचाच्या पुढच्या कडेच्या ध्वनिक्षेपकावर एक पाय ठेवून, बेस बंदुकीसारखी आमच्यावर रोखून, गाण्यामागून गाणी तो त्याच वेगाने बोटे चालवीत राहतो हे पाहणे निराळे. गाण्याचे सर्व शब्द तो तोंडाने म्हणत असतो, माइक समोर नसतानाही. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ एकच सुरावट दोन स्वरांच्या अंतराने जोडीने वाजवतात, तेव्हा ते एकमेकांकडे पाहतही नाहीत. यानिक गेर्स हा तिसरा गिटारवादक गिटार हवेत भिरकावतो, पाय ध्वनिक्षेपकावर टाकतो, नाचतो. कॅसेटवर त्याचे हे काम ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यातले निम्मे वादनाच्या कामाचे नाही असे माझे मत झाले. निको मॅकब्रेन ड्रमच्या भिंतीमागे जवळजवळ दिसतच नव्हता. तो अनवाणी वाजवीत असे आणि बेस ड्रमला एकच पायपट्टी वापरीत असे, म्हणून माझा ड्रम वाजवणारा मित्र सबंध कार्यक्रमभर टाचा उंचावून त्याचा उजवा पाय शोधत होता. तो त्याला एकदाही दिसला नाही.

डिकिन्सन तेव्हा पन्नाशीला टेकला होता. तो मंचावर चालत नाही, धावतो. ‘द ट्रूपर’ला तांबडा लष्करी कोट घालून युनियन जॅक फडकावतो, ‘पॉवरस्लेव्ह’ला पिसांचा मुखवटा चढवतो. इंग्रजांचा झेंडा मुंबईत फडकावला म्हणून कोणाला काही वाटले असेल तर ते मला दिसले नाही. गाणे क्रिमियाच्या युद्धातल्या एका फसलेल्या चढाईचे आहे आणि त्यात मरतो तो इंग्रज शिपाईच, हे तिथल्या बहुतेकांना माहीत होते.

मागचा पडदा दर गाण्याला बदलत होता आणि पडद्यावरच्या चित्रावरून पुढचे गाणे ओळखण्याची आमच्यात चढाओढ लागली होती. एका क्षणी पडदा बदलला, समुद्र आणि जहाज दिसले, आणि माझ्या शहाण्या मित्राने काहीही न बोलता माझ्या पाठीत जोरात गुद्दा घातला. फाटका झगा पांघरून डिकिन्सन आला. त्या गाण्याच्या मध्यावर, जिथे वाद्ये थांबतात तिथे, मैदानावर धूर पसरला, निळा प्रकाश पडला, बेसचे तुरळक स्वर आणि लाकडांची करकर सुरू झाली. एवढी मोठी गर्दी पहिल्यांदाच गप्प झाली होती. डावीकडे लोकलचा भोंगा वाजलेला मला स्पष्ट ऐकू आला. मग तो भाग संपत आला, ड्रम हळूहळू चढू लागले, आणि माझ्या शेजारच्या अनोळखी मुलाने माझा दंड धरून विचारले, “तुझी पण कॅसेट इथेच संपायची का रे?” तो सोलापूरचा निघाला. त्याच्याकडचीही ९० मिनिटांचीच होती. यानंतर गायकाची ती दीर्घ किंकाळी आली आणि आमचे दोघांचे बोलणे तिथेच संपले, कारण पुढची पाच मिनिटे कोणालाच बोलता येण्यासारखी नव्हती.

‘फियर ऑफ द डार्क’च्या वेळी आणखी एक गोष्ट घडली, जी जगभर घडते पण मला ती नवी होती. गाण्याच्या सुरुवातीची गिटारीची सुरावट सगळे मैदान तोंडाने गाऊ लागले. शब्द नाहीत, नुसता ‘ओऽ’कार. आपल्याकडे शब्द पाठ असणारे श्रोते पुष्कळ, पण वाद्याची सुरावट सामुदायिक गाण्याची पद्धत मी आधी पाहिली नव्हती. माझ्या मागे उभी असलेली मुले बेसूर होती आणि पुढची सुरात होती. मधल्या मधे मी कोणाच्या बाजूने गायलो हे सांगता येणार नाही. त्यानंतर यांत्रिक अवतारातला, माणसाच्या दुप्पट उंचीचा एडी मंचावर चालत आला आणि गेर्सशी झटापट करून गेला. हा प्रकार किंचित बालिश आहे, हे मला मान्य आहे. रांगेतली ती शाळकरी मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसून ओरडताना दिसली.

शेवटचे गाणे झाले तेव्हा दहा वाजत आले होते. मैदान रिकामे व्हायला बराच वेळ लागला. पायांखाली एकेकटे बूट आणि चुरगळलेले प्लास्टिकचे पेले होते, आणि सगळे एकमेकांशी वाजवीपेक्षा मोठ्याने बोलत होते, कारण कोणालाच नीट ऐकू येत नव्हते. दाराशी तेच हवालदार होते. त्यांनी मला ओळखले की माझ्या शर्टाला, कोण जाणे. “एवढं इंग्रजी पाठ कसं रे तुम्हाला सगळ्यांना?” त्यांनी विचारले. “आम्ही इथनं ऐकत होतो, बँडपेक्षा तुमचाच आवाज जास्त.” मी म्हणालो, “साहेब, शाळेत असल्यापासून ऐकतोय.” “शाळेत एवढं पाठ केलं असतंस तर,” ते म्हणाले आणि पुढच्या घोळक्याकडे वळले.

रिक्षावाल्यांनी त्या रात्री मनाला येईल ते भाडे सांगितले. आम्ही चेंबूरला मैत्री पार्कपर्यंत कसेबसे पोहोचलो आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसलो. तिथे बसल्या बसल्या माझ्या मित्राने तिकिटाच्या मागे सोळा गाण्यांची यादी क्रमवार लिहून काढली. दोन गाण्यांच्या क्रमावरून आमच्यात वाद झाला आणि तो शेजारच्या बाकावरच्या, आमच्यासारखेच काळे शर्ट घातलेल्या पिंपरीच्या मुलांनी मिटवला. पुण्यात उतरल्यावर सायबर कॅफे उघडेपर्यंत थांबून ती यादी इंटरनेटवर टाकायची, असा आमचा बेत होता. बघतो तर ती आमच्या आधीच किती तरी जणांनी टाकलेली होती आणि ब्राझीलमधली, चिलीमधली मुले तिच्यावर तुटून पडली होती. ‘राइम’ खरोखर पूर्ण वाजवले का, असे ती पुन्हा पुन्हा विचारीत होती. त्यांना तपशीलवार उत्तरे देण्यात माझी शनिवारची सगळी सकाळ गेली, आणि त्या कामाचा मला कंटाळा आला नाही.

या दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांनी ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट केला, तो २००९ मध्ये आला. त्याच्या सोबतच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक गाणे निरनिराळ्या शहरातले घेतले आहे आणि सुरुवातीचे ‘एसेस हाय’ मुंबईचे आहे. तुटलेल्या कॅसेटवरचे गाणे मात्र न्यू जर्सीचे घेतले, हा निर्णय मला पटलेला नाही. मुंबईच्या गाण्यात गिटारी, बेस आणि आवाज छान सुटे सुटे ऐकू येतात, आमच्या जागेवरून ते तसे येत नव्हते. आणि ध्वनिमिश्रण करणाऱ्याने गर्दीचा आवाज फारच खाली ठेवला आहे. ज्यांना त्या रात्रीचा आवाज खरा कसा होता हे जाणून घ्यायचे असेल त्यांनी मैदानातल्या मुलांनी भ्रमणध्वनीवर घेतलेली फुटक्या आवाजाची चित्रणे ऐकावीत. त्यांत गायक जवळजवळ ऐकू येत नाही.